रबराला दिलेली चीर

मुक्बिल मिस्त्रीबद्दल डोंगरावरच्या आमच्या महवीत गावात कुणी वाकडं बोललं, की मी भांडायला उठायचो. त्याचं दुकान आणि माझा, नशेसाठी चघळतात त्या गातच्या पानांचा ठेला एकाच भिंतीला टेकलेले. तीस वर्षं मी त्याला जवळून पाहिलं. गाडी दारात थांबायच्या आतच तो आवाजावरून बिघाड सांगायचा आणि गाडीवाल्यावर तोंडसुख घ्यायचा.

"गाडी आहे की उकिरडा? अरे, गाढवाला तरी वेळेवर चारा घालतोस ना?"

लोक त्याची बोलणी खाऊन खूश असायचे, कारण गाडी नीट होऊन परत जायची.

त्याची खरी ख्याती मात्र चिरेची. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामध्ये एक जाड रबर असतं. आमच्या डोंगरावर हवा विरळ. त्यामुळे जुन्या गाड्यांच्या इंजिनात हवा कमी आणि पेट्रोल जास्त जातं. गाडी धूर ओकते, चढावर मान टाकते. पण रबर जुनं होऊन तडकलं, की त्या फटीतून वरची हवा शिरते आणि तीच गाडी सुरेख पळते. मुक्बिलनं हे तरुणपणीच हेरलं होतं. तेव्हापासून नवं रबर बसवलं, की तो त्याला ब्लेडनं नखाएवढी चीर द्यायचा. "श्वास घ्यायला शिकवतोय," म्हणायचा. हळूहळू डोंगरावरचे सगळे मिस्त्री तसंच करायला लागले.

खाली समुद्राकाठच्या तिहामाच्या मैदानात हवा दाट आणि ऊन जीव घेणारं. तिथं ही चीर इंजिन जाळून टाकेल, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही. आमच्या गाड्या कधी खाली उतरतच नव्हत्या.

मग मुक्बिलच्या बायकोची, तकिय्याची, दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली. आठवड्यातून दोनदा, शनिवारी आणि मंगळवारी, समुद्राकाठच्या शहरात रक्त धुवायच्या यंत्रावर न्यायचं. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, एखादी खेप चुकली तर कसंबसं निभेल, लागोपाठ दोन चुकल्या तर नाही. आधी जीप मिळायची. रस्ता वाहून गेला आणि जीपा बंद झाल्या. तेव्हा मुलगा नशवान बापाची जुनी टू-स्ट्रोक मोटारसायकल काढून आईला नेऊ लागला. ती घसरू नये म्हणून तिला शालीनं आपल्या कमरेशी बांधून घ्यायचा.

मैदानात गाडी इतकी तापायची, की दर कोसाला थांबावं लागायचं. तिथल्याच बाजिल गावच्या शोई मिस्त्रीनं जुनं चिरलेलं रबर काढून फेकलं, नवं बसवलं आणि नशवानला बजावलं, "याला कुणाला हात लावू देऊ नकोस. डोंगरावर धूर काढेल, काढू दे."

धूर निघालाच. घाट चढताना गाडी दोघांना ओढेना. प्रत्येक अवघड वळणावर तकिय्या खाली उतरायची आणि सुजलेले पाय ओढत चालायची. एकदा वरच्या वळणावर मुक्बिलनं ते डोळ्यांनी पाहिलं. त्यानंतर दोन दिवस तो कुणावर खेकसलाही नाही.

पुढच्या शनिवारी ओढ्याला पूर आला आणि खेप चुकली. सोमवारपर्यंत तकिय्याचा चेहरा सुजला. दुपारी मुक्बिलनं गाडी दुकानात घेतली आणि ब्लेड काढलं.

"बाबा, नको," नशवान म्हणाला. "शोईनं बजावलंय. खाली चालत नाही ते."

दुकानात आम्ही पाच-सहाजण गालात पानं धरून बसलो होतो. मीच म्हणालो, "वा रे वा! आता खालचे मासे खाणारे आमच्या मुक्बिलला गाडी शिकवणार!" सगळे हसले. पोरगं लाजलं.

आतल्या घरातून तकिय्या म्हणाली, "अहो, राहू द्या. चार पावलं चालले तर मरत नाही मी."

"तू गप्प बस," मुक्बिल म्हणाला. आवाज चढवून नव्हे. त्यानं चीर दिली, किक मारली, आणि गाडी अशी स्वच्छ बोलू लागली, की आम्ही वाहवा केली.

मंगळवारी घाट उतरेपर्यंत सगळं ठीक होतं. उतार संपून तापलेलं मैदान लागलं, नशवाननं वेग घेतला आणि इंजिन तापून पिस्टन चिकटला. मागचं चाक जागच्या जागी अडकलं. दोघं रस्त्यावर आपटले. नशवानचं खांद्याचं हाड मोडलं. तकिय्याला खरचटण्यापलीकडे काही झालं नव्हतं. फक्त त्या मोडक्या रस्त्यावर दुपार उलटेपर्यंत एकही गाडी आली नाही. शेवटी एका उंटवाल्यानं तिला हमरस्त्याला पोचवलं. रुग्णालयाच्या दारात तिला धाप लागली होती. यंत्रापर्यंत नेईतो ती गेली.

तिसऱ्या दिवशी मुक्बिलच्या बैठकीत आम्ही सगळे सुतकी तोंडं घेऊन बसलो होतो. गाडी उचलून आणली होती. मुक्बिलनं सकाळीच इंजिन उघडून पाहिलं होतं. म्हातारे शेख त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "अल्लाची मर्जी, मुक्बिल. लिहिलेलं चुकत नाही."

"अल्लाच्या माथी मारू नका," मुक्बिल म्हणाला. "त्यानं नाही, मी चिरलं. पिस्टन जळालाय. मी मारली तिला."

दाराशी नशवान हात गळ्यात बांधून उभा होता. बापाला तो शिव्या देईल असं मला वाटलं. खरं सांगतो, द्याव्यात असंही वाटलं. निदान मुक्बिलला कुणाचा तरी राग सोसता आला असता.

पोरगं म्हणालं, "बाबा, शोईनं मला जास्तीचं एक रबर दिलं होतं. पिशवीतच होतं. घाट उतरल्यावर मी गाडी थांबवली, आईला पाणी पाजलं. रबर बदलणं पाच मिनिटांचं काम. पिशवी उघडलीसुद्धा."

"मग?" मुक्बिलनं विचारलं.

"मग बंद केली. मला वाटलं, तुमचा हात कधी चुकत नाही. सगळे तेच म्हणतात."

मुक्बिलनं तोंड झाकून घेतलं. ते म्हणणारे आम्ही सगळे त्या खोलीतच बसलो होतो, आणि कुणालाच उठून जाता येईना.