बाजाराच्या गोंगाटात सुनेचा आवाज

आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे, घरात सारं ऐकायचे. ओसरीत बसल्या बसल्या परसातली कोंबडी कोणाची, हे नुसत्या आवाजावरून सांगायचे. पण चार माणसं एकदम बोलायला लागली की समोरच्या भिंतीकडे पाहत गप बसायचे. तरणेपणी ते जिनात कामाला होते, कापसातून सरकी काढणाऱ्या यंत्रांच्या मधोमध. त्याचा कानाशी काही संबंध असेल, असं तेव्हा कोणाच्या ध्यानात यावं? लोक आपले सरळ म्हणून मोकळे व्हायचे, म्हातारा मिजासखोर आहे.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट आहे. आमचं गाव मेडशीकडचं. आता वाशीम जिल्हा म्हणतात, तेव्हा आम्ही अकोल्यात मोडायचो. माझ्या नणंदेला पाहायला किन्हीराजाहून पाहुणे आले होते. ओसरी भरून माणसं, चहाच्या बशा वाजताहेत, कोणाचं तरी लेकरू रडतंय. मुलाच्या चुलत्यानं विचारलं, "पोरीले वावरात जा लागन. चालन का तुमाले?" मामाजी पाहतच राहिले. त्यानं पुन्हा विचारलं. मामाजींनी मान हलवली, ती नेमकी आडवी. चुलता बशी खाली ठेवून उठला. "लेक देनारा मानूस हाये का कलेक्टर," असं तो बोलला आणि सगळे पाहुणे निघून गेले.

नणंद चुलीपुढे बसून राहिली. तिला मुलगा आवडला होता.

"तुमाले लेकीचं लगन करायचं हाये का नाही?" आत्याबाई, माझ्या सासूबाई, कडाडल्या.

"त्याईनं मले इचारलंच नाही काही," मामाजी म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते, मला त्यांच्या तोंडावरून दिसत होतं. पण मी सून. सासऱ्यासमोर तोंड उघडायची आमच्यात रीत नव्हती. जेवायला वाढलं आहे हेसुद्धा मी दाराआडून, पदर तोंडाशी धरून, दुसऱ्या कोणाला तरी सांगितल्यासारखं करून सांगायची.

त्याच वर्षी दिवाळीच्या सुटीत नागपूरहून एक डॉक्टरीणबाई आल्या. कान तपासणाऱ्या. सोबत सेलवर चालणारा भला मोठा टेप. शाळेच्या खोलीत त्यांनी मुक्काम ठोकला आणि बायकांना बोलावून समजावलं, "शांत खोलीत पुष्कळांना नीट ऐकू येतं, पण बाजारात, लग्नात येत नाही. ते तपासायला मागं गोंगाट लावून वाक्यं ऐकवायची आणि ऐकलं ते म्हणून दाखवायला सांगायचं. आमच्याकडची वाक्यं पुस्तकातल्यासारखी आहेत. ती इथं ऐकवली तर माणूस कानानं अडला की भाषा परकी म्हणून अडला, हेच कळत नाही. म्हणून तुमच्या बोलीतली वाक्यं हवीत, आणि गोंगाटही हवा."

"गोंगाट पाह्यजे तं आमच्या घरी मुक्कामाले या," आत्याबाई म्हणाल्या.

गोंगाट गोळा करायला बाई बाजारात गेल्या, तर वेगळीच गंमत. टेप दिसला की माणसं गप. कांदेवाली, बांगड्यावाला, भाव करणाऱ्या बाया, सगळे फोटोला उभे राहिल्यासारखे. शेवटी टेप माझ्या टोपलीत ठेवला, वरून मेथीच्या जुड्या रचल्या आणि मी बाजारभर फिरले. मग काय, पाहिजे तेवढा गोंगाट मिळाला.

वाक्यं आम्ही बायकांनी बसून जुळवली. मला वाटलं होतं हे पोरखेळ आहे. पण बाई एकेक वाक्य तोलून पाहायच्या. 'विहिरीतलं पानी' एवढं ऐकलं की पुढचं 'काढ' कोणीही अंदाजानं सांगेल, म्हणून ते वाक्य बाद. फार लांब असलं तरी बाद. 'मांजरीनं दूध सांडलं' पास झालं. कारण मांजर काय, पिऊनही टाकू शकते.

ती वाक्यं टेपात बोलायची कोणी? एक बाई हसायलाच लागली, दुसरीचा आवाज ओवीत जायचा. राहिले मी. शाळा चौथीपर्यंतची, पण बोलण्यात मला कोणी हरवलं नाही. खोलीच्या भिंतींवर गोधड्या टांगल्या, आवाज घुमू नये म्हणून. बाई म्हणाल्या, "सगळी वाक्यं एका सुरात म्हणा. रागात नको, लाडात नको."

"रागाबिगर तिले जमनार नाही," आत्याबाई बाहेरून बोलल्या. पण जमलं मला.

मग तपासणी सुरू झाली. बाया पास, तरणी पोरं पास. म्हातारे बसले की मात्र अवघड. टेपाला जोडलेले हेडफोन ते कानावर घालायचे, माझं पहिलं वाक्य कानात पडायचं आणि गडी खाली मान घालून मुका. माझ्या एका चुलत सासऱ्यांनी तर हेडफोन काढून बाजूला ठेवले आणि उपरण्यानं तोंड पुसत निघून गेले.

मामाजींचंही तेच. गोंगाट तर अजून लावलाही नव्हता. बाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "या गल्लीतले सगळे म्हातारे ठार बहिरे कसे?"

आत्याबाई उंबऱ्यावर बसल्या होत्या. "बहिरे कायचे, बाई. थो आवाज आमच्या सुनेचा हाये. सुनेनं बोलावं अन् सासऱ्यानं मांगं मांगं तेच म्हनावं, असं कुठी रायते का? साऱ्या गल्लीचे म्हातारे तिचे सासरे लागतेत."

बाई हसत सुटल्या. पण हसून झाल्यावर म्हणाल्या, पुरुषाच्या आवाजात सारं नव्यानं भरायचं तर दुसऱ्या खेपेलाच जमेल, सेलही संपत आलेत. म्हणजे मामाजींची तपासणी राहिली, दोष मिजासीचा नाही, कानाचा आहे हे पाहुण्यांना सांगता येईना, आणि नणंदेची सोयरीकही तशीच लटकली. दारामागं मी उभी होते. काय झालं मला कोणास ठाऊक. आत आले, डोक्यावरचा पदर तसाच ठेवला, तोंडावरचा काढला आणि मामाजींसमोर उभी राहिले.

"मामाजी, ते मी नाही बोलून राह्यली. ते मशीन बोलून राह्यलं. तुमी आयकल्याबिगर पोरीची सोयरीक होत नाही."

लग्न होऊन आल्यापासून त्यांच्याशी बोललेलं माझं हे पहिलं वाक्य. मामाजी माझ्याकडे नाही, माझ्या पायांकडे पाहत राहिले. मग त्यांनी स्वतःच हेडफोन उचलून कानावर घातले.

"मांजरीनं दूध सांडलं," ते हळूच म्हणाले.

शांततेतली सगळी वाक्यं बरोबर. मग बाईंनी बाजार लावला. मामाजी पुढे झुकले, कपाळाला आठ्या पडल्या. एखादा शब्द सापडायचा, बाकी वाक्य गायब. शेवटी त्यांनी हेडफोन काढले.

"सून बोलून राह्यली इतकं समजते," ते म्हणाले. "काय बोलून राह्यली, थे बाजार खाऊन टाकते."

बाईंनी सगळ्यांना जवळ बोलावून सांगितलं, हा दोष खरा आहे, मिजास नाही. याच्यावर औषध माझ्याकडे नाही. समोर बसा, तोंड झाकू नका, एका वेळी एकानंच बोला.

माझे मालक दुसऱ्याच दिवशी यष्टीनं किन्हीराजाला जाऊन सारं सांगून आले. पाहुणे पुन्हा आले, थोडे घुश्शातच. या वेळी मी सर्वांदेखत मामाजींसमोर उघड्या तोंडानं बसले. पाहुण्यांमधली एक बाई कुजबुजली, "अवो, सून पाहा कशी सासऱ्यापुढं बसली."

"सून नाही, आमच्या घरचा टेप हाये थो," आत्याबाई म्हणाल्या.

चुलत्यानं तोच प्रश्न विचारला. मी मामाजींकडे तोंड करून, टेपातल्याच एका सुरात, तो पुन्हा सांगितला. "पोरीले वावरात जा लागन. चालन का तुमाले?"

मामाजींनी या वेळी चुलत्याकडे पाहिलं. "चालन. पन पोरानं बी तिच्या संगं गेलं पाह्यजे. बांधावर बसून बिड्या नाही फुकायच्या."

चुलता पोट धरून हसला. सोयरीक तिथंच पक्की झाली.

पाहुणे गेल्यावर मामाजींनी मला हाक मारून समोर बसवलं. "त्या कोपऱ्यातला फेटेवाला काय म्हने? अन् थे बुढी कायले हासली?" मग मी सारी बैठक पहिल्यापासून सांगायला घेतली, कोण काय बोललं, कोणी कोणाला टोमणा मारला, सगळं. मामाजी माझ्या तोंडाकडे पाहत ऐकत होते, आणि आत्याबाई मधे बोलायला लागल्या की हातानं त्यांना गप करत होते.