फ्लॉपी ड्राइव्हमधल्या अक्षता

माझ्या टेबलाशेजारी एक जुना ३८६ कॉम्प्युटर आहे. चार एमबी मेमरी, चाळीस एमबीची हार्ड डिस्क, कृष्णधवल मॉनिटर आणि सव्वापाच इंची फ्लॉपी ड्राइव्ह. ड्राइव्ह सोडून सगळे चालते. तो मी मुद्दाम दुरुस्त केलेला नाही.

रत्नागिरीतल्या आमच्या साप्ताहिकाचा हा पहिला कॉम्प्युटर. त्याच्या खोलीत चपला काढून जायचे. पाने मी लावायचो. हार्ड डिस्क कायम भरलेली, म्हणून तयार पाने फक्त फ्लॉपीवर ठेवायची आणि ती फ्लॉपी एसटीने कोल्हापूरच्या छापखान्यात पाठवायची.

खंडेनवमीला कॉम्प्युटरची पूजा झाली. संपादकांनी हळदकुंकू वाहिले आणि कुंकवाने ओल्या केलेल्या अक्षता उधळल्या. मागोमाग सगळ्यांनीच उधळल्या. ड्राइव्हची खटकी उघडी होती. दाणे आत गेलेले मी पाहिले आणि तिथेच सांगितले. पूजेत बोलू नये, असे मला सांगण्यात आले. पुजलेल्या यंत्राला त्या दिवशी हात लावायचा नसतो, त्यामुळे उघडून बघायचा प्रश्नच नव्हता. दसऱ्याला मुहूर्त म्हणून संपादकांनी मला दिवाळी अंकाची फ्लॉपी आत घालायला लावली. मी नको म्हणत होतो. करकर आवाज आला. फ्लॉपीवर गोल ओरखडा पडला होता, अंकाची पाने गेली.

अक्षतांमुळे झाले, असे मी म्हणालो.

"मेल्या, देवाच्या अक्षतांनी मशीन मोडतं होय?" संपादक म्हणाले. "हात तरी धुतले होतेस का?"

सगळे हसले. पूजेला दोष द्यायला कोणीच तयार नव्हते. दिवाळी अंक तुळशीच्या लग्नानंतर निघाला आणि माझी रवानगी संगमेश्वरला बातमीदार म्हणून झाली. तिथेही माझी ओळख 'फ्लॉपी खाणारा' अशीच करून दिली जायची.

पुढे कार्यालयाने ते मशीन भंगारात काढले. मी ते भंगारवाल्याकडून घरी आणले. मदरबोर्डवरची बॅटरी गळली होती, खाऱ्या हवेने तांब्याच्या रेषा हिरव्या पडल्या होत्या. व्हिनेगरने बोर्ड पुसला, तुटलेल्या रेषा बारीक तारेने जोडल्या. मशीन सुरू झाले. मग ड्राइव्ह उघडला. फ्लॉपी वाचणाऱ्या हेडखाली तांदूळ अडकले होते, अजून लालसर. ते तसेच ठेवून मी झाकण लावले आणि वाट पाहिली.

यंदा साप्ताहिकाच्या वर्धापनदिनाचे प्रदर्शन ठरले. संपादक आता निवृत्त आहेत. ते स्वतः माझ्या घरी आले. पहिला कॉम्प्युटर प्रदर्शनात मधोमध हवा, असे त्यांच्या मनात होते. दुसरीकडे तो मिळण्यासारखा नव्हता. मी हो म्हटले, पण अट घातली: कॅबिनेट आणि ड्राइव्ह, दोन्ही उघडे मांडायचे. त्यांनी आत वाकून बराच वेळ पाहिले.

"तांदूळ तेवढे काढ रे," ते म्हणाले.

"पूजेचे आहेत, साहेब. हात कसा लावणार?"

ते चहा अर्धा ठेवून उठले. दोन्ही झाकणे उघडी ठेवून मशीन मांडले गेले.

उद्घाटनाला आमचे जुने मुद्रितशोधक आले. तेव्हा हसलेल्यांपैकी एक. त्यांनी चष्मा पुसला, ड्राइव्हमध्ये पाहिले आणि हे काय अडकलेय म्हणून विचारले. संपादकांनी माझ्याकडे पाहिले. मी एक पाऊल मागे सरलो.

"अक्षता," संपादक म्हणाले. "मी टाकलेल्या."

मुद्रितशोधकांना हल्ली कमी ऐकू येते. त्यांनी कानामागे हात धरला. संपादकांना तेच पुन्हा, सगळ्या हॉलला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगावे लागले.