तळमजल्यावरचं अमृतसर

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या सरदारजी काकांइतका अमृतसरमध्ये राहणारा माणूस खुद्द अमृतसरमध्येसुद्धा सापडणार नाही. त्यांना फ्रँकफर्टला येऊन चाळीस वर्षं झाली होती. पेन्शन इथलं, गुडघ्याचं ऑपरेशन इथलं, दारावरची पाटीही इथलीच, पण माणूस एक दिवसही इथे राहायला आलेला नव्हता. त्यांना रस्ता विचारावा तर म्हणायचे, "सरळ जा, हॉल बाजार संपला की डावीकडे वळा." आपण बावचळून पाहिलं की वैतागायचे, "म्हणजे तुमचं ते हाउप्टवाखे." 'तुमचं' अशा सुरात, जणू शहराच्या मधोमधचा तो चौक मीच बांधून घेतला होता. एकतीस वर्षं त्यांनी इथे टॅक्सी चालवली आणि विमानतळावरून बसणाऱ्या प्रत्येकाला अमृतसरचा इतिहास ऐकवला. अंतर त्यांनी मैलांत कधी मोजलंच नाही. विमानतळावर शिखांच्या चौथ्या गुरूंनी तळं खोदायला घ्यायचं, प्रदर्शनाचं मैदान येईपर्यंत पाचव्या गुरूंचं मंदिर बांधून पुरं व्हायचं, आणि पाऊस असला, गाड्या तुंबल्या असल्या, तर पंजाबच्या महाराजांनी मंदिरावर सोन्याचा पत्रा चढवेपर्यंत मजल जायची. त्यामुळे गाड्या तुंबल्या की खूश होणारा तो शहरातला एकमेव टॅक्सीवाला असावा. एक गिऱ्हाईक म्हणे हॉटेल आल्यावरही उतरलं नाही. काकांनी मीटर बंद केलं आणि दोघं तसेच गाडीत बसून राहिले, सोनं पुरं होईपर्यंत.

या माणसाच्या हातात माझी नोकरी होती. मी नववीत शाळा सोडली. आई आजारी पडली, घरात करणारं दुसरं कुणी नव्हतं, त्यात सोडली. पुढे आत्याने आईला दिलेला शब्द पाळला आणि तिच्या इंजिनिअर मुलाशी माझं लग्न झालं. ह्यांना जर्मनीत काम मिळालं, मागोमाग मीही आले. लेक शाळेत जायला लागली, मराठीत विचारलं तर जर्मनमध्ये उत्तर द्यायला लागली, आणि मला कळलं की घरातलीच एक व्यक्ती माझ्यापासून लांब चालली आहे. तेवढ्यात जवळच्या बालवाडीच्या स्वयंपाकघरात मदतनिसाची जागा निघाली. तिथल्या मुख्य बाईंना माझ्या हातची खिचडी आवडली. त्या म्हणाल्या, "उन्हाळ्यापर्यंत जागा ठेवते. तुम्ही बी-वन पास झाल्याचा कागद आणा." आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्यासाठी जागा राखली होती. पण जर्मन भाषेच्या त्या परीक्षेत मी दोनदा नापास झाले होते. लेखी निघायची. तोंडीला बसले की जीभ टाळ्याला चिकटायची.

काकांची पहिली भेट मी अजून विसरलेले नाही. राहायला आल्यावर मी वाटीभर शिरा घेऊन खाली त्यांच्याकडे गेले, चपला दाराबाहेर काढल्या. मला बसवून काका बाहेर गेले ते परत आलेच नाहीत. निघताना पाहते तो चपला जागेवर नाहीत. आणि जिन्याच्या पायरीवर, पांढऱ्या दाढीचा, माझ्या वडिलांपेक्षा मोठा तो माणूस मांडीवर माझ्या चपला घेऊन स्वतःच्या रुमालाने पुसत बसलेला. आमच्याकडे मोठ्यांच्या पायांना आपण हात लावायचा, त्यांनी आपल्या चपलांना लावला तर हे पाप कुठे फेडायचं? मी चपला ओढायला गेले. ते सोडेनात. आम्हा दोघांची तिथे चक्क ओढाओढ झाली.

"पुत्तर, सोड. तिथे मंदिराच्या जोडाघरात, लोकांच्या चपला ठेवतात तिथे, डॉक्टर, जज, मोठमोठे शेठ चपला पुसायला रांग लावतात. मला इथे कोण चपला देणार? जर्मन माणूस तर बूट घालूनच आत येतो."

मग खिशातून बिअरच्या ग्लासाखाली ठेवतात तशी पुठ्ठ्याची गोल चकती काढून माझ्या हातात दिली. त्यावर सात आकडा होता. ते टोकन. चकती परत केल्याशिवाय चपला मिळायच्या नाहीत. आयुष्यात दारूचा थेंब न घेतलेल्या माणसाने कोपऱ्यावरच्या बारमधून शंभर चकत्या मागून आणल्या होत्या.

याहून मोठा धक्का इमारतीला बसायचा होता. आमच्या इमारतीत जिना धुवायची पाळी असते. ज्याची पाळी, त्याच्या दाराच्या मुठीला आठवडाभर एक पाटी लटकते. काका ही पाटी चोरायचे. सोमवारी सकाळी कुणाच्याही दारावरून उचलून आपल्या दाराला लावायची आणि चार मजले धुऊन काढायचे. सेवा. सगळ्यांना आनंद होईल असं वाटलं होतं मला, पण दुसऱ्या मजल्यावरच्या बाई रागाने लाल होऊन खाली आल्या. त्यांची पाळी होती, त्यांनी सुट्टी काढली होती, आणि पाटी नाहीशी.

"हा माझा जिना आहे," त्या म्हणाल्या.

"गेनाऊ, अगदी बरोबर," काका शांतपणे म्हणाले, "म्हणून तर धुतला. स्वतःचा धुतला तर ती सेवा कसली?"

मी वरच्या वळणावर भिंतीला चिकटून ऐकत होते. आता पोलीस येणार, सगळ्या परदेशी लोकांचे कागद तपासणार, आणि मी दोनदा नापास झालेली सापडणार, इथवर माझं मन धावत गेलं होतं. प्रत्यक्षात घरमालकाचं पत्र आलं, की पाटी उचलू नये. तेव्हापासून काका पाटी उचलत नसत, नुसता जिना धुवत.

मी नापास होते हे त्यांना ह्यांनीच सांगितलं. काका म्हणाले, "रोज चार वाजता पाठव. मी बोलतो, ती बोलेल." मला इतकं भरून आलं की रात्री झोप लागली नाही. शाळा सुटल्यापासून मला कुणी शिकायला बसवलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मी सात नंबरची चकती घेऊन त्यांच्या स्वयंपाकघरात बसायला लागले. काकांचं जर्मन पाण्यासारखं होतं, पण ते पाणी एकाच तळ्यातलं. शहराला बारा दरवाजे, तेरावा इंग्रजांनी काढला तो धरायचा नाही. बावन्न धंद्यांची माणसं बोलावून गुरूंनी बाजार वसवला. मंदिराला चार दिशांना चार दारं. इतरत्र देवाकडे जाताना पायऱ्या चढतात, तिथे उतरतात. हे सगळं मी जर्मनमध्ये ऐकलं, जर्मनमध्ये परत सांगितलं, चुकले की काका दार वाजवल्यासारखं टेबल वाजवायचे आणि मी त्या दरवाजातून पुन्हा आत शिरायची. आठ महिन्यांत मला तट, खंदक, घुमट, वेढा, तांब्यावर सोनं चढवणं यांचे जर्मन शब्द तोंडपाठ झाले. जिऱ्याला काय म्हणतात ते येईना. एकदा आमचं बेसिन तुंबलं आणि नळवाला आला. माझ्याकडे गाळाविषयी एकच वाक्य तयार होतं, ते मी त्याला म्हटलं, की तळ्यात गाळ साचला आहे, तो हाताने उपसणं ही पवित्र सेवा आहे. तो गृहस्थ क्षणभर उभा राहिला. मग गुडघे टेकून कामाला लागला. त्याने फार मन लावून काम केलं.

"अगं, तू जर्मन शिकतेस की पंजाबचा इतिहास?" हे विचारायचे.

"अहो, बोलता येतंय ना मला?"

"येतंय. पण तुला परीक्षेत कुणी वेढा घातला तरच पास होशील."

त्या आठ महिन्यांत काका एकदाच गप्प झालेले मी पाहिले. पुतण्याने फोनवर फोटो पाठवले होते. मंदिराकडे जाणारा रस्ता सरकारने नवा केला होता. रुंद, फरसबंद, दोन्ही बाजूंच्या दुकानांना एकसारखे गुलबट दर्शनी भाग. सगळे सुंदर म्हणत होते, मलाही सुंदरच वाटला. काका फोटो बोटाने मोठा करत होते, सरकवत होते, पुन्हा मोठा करत होते. "वडियांचं, तुमच्या सांडग्यांचं, दुकान इथे होतं," ते म्हणाले. "नाही, इथे. थांब." पाच मिनिटांनी फोन उलटा ठेवला. "पुत्तर, मला माझ्याच गल्लीत वाट सापडत नाही." त्या दिवशी शिकवणी झाली नाही. त्यांचा चेहरा पाहून मी हादरले होते. बारा दरवाजे आता फक्त या स्वयंपाकघरात शाबूत आहेत आणि ते राखायला मी एक नापास बाई बसले आहे, असं काहीतरी मनात आलं आणि मी घाबरून वर पळाले.

परीक्षेला समोर दोघं होते. एक गृहस्थ लिहून घेत होते, एक बाई विचारत होत्या. त्यांनी एक चित्र पुढे केलं. लांब टेबलाशी बसून बरीच माणसं जेवत होती. "काय दिसतं? तुमच्याकडे असं असतं का?" आणि माझी जीभ सुटली. आमच्या शहरात, मी म्हटलं, रोज हजारो माणसं जमिनीवर एका रांगेत बसून जेवतात, राजा आणि भिकारी शेजारी शेजारी. आमच्या शहराला बारा दरवाजे आहेत. आमचं मंदिर पाण्यात आहे, त्यावर सोन्याचा पत्रा आहे. गृहस्थांचं पेन भराभर चाललं होतं. मला वाटलं, काकांनी जोडाघरातून मला थेट आत नेलं.

"थांबा," बाई म्हणाल्या. त्यांनी माझा कागद जवळ ओढला. "तुम्ही औरंगाबादच्या ना? मी तिथे येऊन गेले आहे, लेणी बघायला. सोन्याचं मंदिर काही आठवत नाही. दरवाजे आठवतात. रिक्षावाला म्हणाला होता, बावन्न आहेत."

परीक्षेत खोटं बोलले. सरकारी कागदावर एक गाव आणि तोंडात दुसरं. बालवाडीची जागा गेली, ह्यांची नोकरी जाईल, लेकीची शाळा जाईल. आणि त्याहून विचित्र गोष्ट म्हणजे मला खरोखरच आठवेना, की मी स्वतः दरवाजांच्या गावची आहे. बेगमपुऱ्यात वाढले, मकाई गेटमधून शेकडो वेळा गेले, पण मकाई गेट म्हणजे जिथे रिक्षा अडकते ती जागा, एवढंच माझ्या लेखी होतं.

"ते माझ्या शेजाऱ्यांचं शहर आहे," मी कशीबशी म्हटलं. "मी जर्मन त्या शहरात शिकले."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "बरं," बाई म्हणाल्या, "मग तुमचं सांगा."

माझ्याकडे एकही वाक्य तयार नव्हतं. मकाई गेट आहे, मी म्हटलं. दार लहान, गाड्या फार. रोज भांडणं. मी शाळा सोडली, तेव्हा आईला आठवड्यातून दोनदा त्यातून दवाखान्यात न्यायची. बाहेर ऊन असायचं. कमानीत मात्र सावली आणि खाली नदी, म्हणून वारा. आई रिक्षावाल्याला म्हणायची, इथे एक मिनिट थांबा. मागचे सगळे हॉर्न वाजवायचे. तरी आम्ही थांबायचो. क्रियापदं चुकली, लिंगं चुकली, मला ऐकू येत होतं. बाईंनी टेबल वाजवलं नाही. गृहस्थांनी पेन खाली ठेवलं होतं.

पाच आठवड्यांनी कागद आला. पास. मी जिना उतरून काकांकडे गेले, पाया पडले, आणि घडलं ते सगळं सांगितलं. मला वाटलं, अमृतसर परीक्षेपर्यंत पोचलं म्हणून खूश होतील. त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

"बावन्न?"

"तसं म्हणतात. सगळे उभे नाहीत आता, काका."

"आठ महिने तू माझ्या बारा दरवाजांना मान डोलवत बसलीस, आणि तुझ्या घरी बावन्न?" ते खुर्चीत बसले. मग हळूच म्हणाले, "आणि मी विचारलं नाही. एकदाही नाही विचारलं."

मी घाईघाईने म्हटलं, की मला कुठे काय माहीत होतं, तुम्ही शिकवलंत म्हणून तर तोंड उघडलं. त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे.

आता मी बालवाडीत सत्तर मुलांचं जेवण करते. चार वाजता मी भांडी विसळत असते, त्यामुळे शिकवणी सुटली. रविवारी मात्र खाली जाते. काका चहा ठेवतात आणि समोर बसून म्हणतात, "हं, पुढचा दरवाजा सांग." मी आठवडाभर भावाला फोन करून माहिती गोळा करते. कुठला दरवाजा कुठे, कुठल्यातून पूर्वी काय यायचं, रस्ता रुंद करताना कुठला गेला. काका मान डोलवत ऐकतात. एकदा मी मुद्दाम थांबले, म्हटलं, "तुमच्या लाहोरी दरवाजाचंही असंच होतं ना हो, काका?"

"आमचं राहू दे," ते म्हणाले. "तुझं सांग."

मी सांगत राहिले. त्या दुपारी काकांनी अमृतसरचं नावसुद्धा काढलं नाही, आणि वर येताना मला उगीचच फार चुकल्याचुकल्यासारखं वाटलं.