पुंडलिक मास्तरांचा तक्ता

कुठे नवी विहीर खोदायला घेतल्याचं कानावर आलं, की आमचे ड्रॉइंग मास्तर शाळा सुटताच तिकडे पळत. धोतर खोचून, दोराला धरून खाली उतरत आणि विहिरीच्या उघड्या भिंतीचं चित्र काढत बसत. वर खोदणारे खोळंबून शिव्या देत. पुंडलिक मास्तरांना त्या ऐकूच येत नसत.

अमरावतीच्या आमच्या शाळेत एक विलायती तक्ता होता. जमिनीखालचे थर आणि त्यांत सापडणाऱ्या, दगड झालेल्या प्राण्यांची रंगीत चित्रं. भूगोल मी शिकवायचो, म्हणून त्यांचा राग माझ्यावर निघे. "गुरुजी, यात खडूचा थर हाय, कोळशाचा हाय. आपल्या इकडं कोन्या विहिरीत खडू निंगाला काय? मंग पोरायले खोटं कावून शिकवून राहिले तुमी?" पण परीक्षा त्याच तक्त्यावर होती.

शेवटी त्यांनी स्वतःच तक्ता केला. पुरुषभर उंच मांजरपाटावर वर काळी माती, खाली मुरूम, मग काळा पाषाण, आणि दोन पाषाणांच्या मधे राखाडी दगडाचा वीतभर थर. या थरात त्यांना गोगलगाईचे शंख सापडले होते, पार दगड झालेले. ते इतके हुबेहूब उतरले होते की बोटाने चाचपून पाहावेसे वाटत. रंग मात्र दुकानातला नाही. ज्या थराची माती, तीच डिंकात खलून त्या थराला. "काळ्या शाईने भागलं असतं," मी म्हटलं, तर उखडलेच. "काळीले बाजारातली शाई लावू? मंग ते काळी कायची?"

अकोल्याला शिक्षकांचा मेळावा होता. इन्स्पेक्टरसाहेबांना पसंत पडेल तो तक्ता छापून वऱ्हाडातल्या शाळांना जायचा होता. आठ दिवस आधीपासून मास्तरांचं जेवणात लक्ष नव्हतं. गाडीत नेणं सोपं, म्हणून तक्ता गुंडाळायचा सल्ला माझा. साहेबांच्या टेबलावर तो उलगडला आणि वरची काळी खपल्याखपल्यांनी सुटून त्यांच्या कागदांवर सांडली. मागोमाग मुरूमही गेला. कोट झटकत साहेब म्हणाले, "मास्तर, जे कापडावर टिकत नाही, ते मुलांना काय शिकवणार?" आणि पुढच्याला बोलावलं.

स्टेशनवर मी माफी मागू लागलो. "तुमचा दोष नाई जी," ते म्हणाले. "काळी सुकली का तिले भेगा पडतेतच. शेतकऱ्याच्या घरचा मी, अन् मलेच सुचलं नाई." मग मूर्तिजापूर गेलं, बडनेरा आलं, तरी तक्त्याची गुंडाळी त्यांच्या मांडीवरच होती.

पुढच्या वर्षी शाळेच्या आवारातच विहीर घेतली. एका सकाळी खोदणाऱ्यांचा मुकादम धापा टाकत वर्गाच्या दारात आला. "मास्तर, तुमचे शंख निंगाले! चाला लवकर, नाई तं सुरुंग लावा लागते."

मास्तर तेव्हा पोरांकडून विलायती तक्त्याची नक्कल काढून घेत होते. मी शेजारच्याच वर्गातून उठून आलो होतो.

"लावा," ते म्हणाले. मग एका पोराच्या वहीवर बोट ठेवून, "खडूचा थर जरा जाड काढ."

सुरुंग उडाला तेव्हा पोरं दचकली. मास्तरांनी मान वर केली नाही. त्यांच्या ऐवजी मी तरी त्या विहिरीत उतरायला हवं होतं. नाही उतरलो, आणि त्याची लाज मला अजून वाटते.