जॉबरमामांचा कान

जॉबरमामांच्या बोलण्यात दर दोन वाक्यांमागे एक कान यायचा. चहाची कढई कानाला धरून उतरवायची, सुताचं पोतं कानाला धरून उचलायचं. कामगार उशिरा आला तर "कान उपटीन", आणि कुणाची चुगली घेऊन आला तर "माजं कान भरू नको, मी हलक्या कानाचा न्हाय".

सोलापूरच्या पूर्व भागात बाबांचा टॉवेलांचा लहानसा कारखाना. बिघडलेला माग दुरुस्त करतो तो जॉबर, म्हणून हे जॉबरमामा. घरी तेलुगू, कारखान्यात मराठी आणि माग सुरू झाले की दोन्ही बंद, कारण त्या खडखडाटात शेजारी उभा असलेला काय म्हणतो तेही कळत नाही. तिथं सगळेच ओठ वाचतात आणि हातवारे करतात. कॉलेजातून येताना बाबांचा डबा पोचवता पोचवता ती भाषा मलाही येऊ लागली होती.

माग बंद पडायच्या आधीच मामांना त्याचं दुखणं कळायचं. मागावर तळवा ठेवून ते डोळे मिटून उभे राहायचे आणि बाहेर येऊन सांगायचे, "सात नंबर खोकतोय. माग बोलतंय की, अम्मा. कान पायजे." तेलुगू रीतीनं ते मला लाडानं अम्मा म्हणायचे, आणि मला त्यांच्या कानाचा भारी अभिमान. मैत्रिणींना मुद्दाम घेऊन जायची.

एका दुपारी वीज गेली. माग थांबले आणि सगळे मोकळेपणी गप्पा मारू लागले. मामा भिंतीकडे तोंड करून पान्हा पुसत होते. मी मागून म्हटलं, "मामा, चहा." मग जोरात. मग ओरडूनच. शेवटी खांद्याला हात लावला तेव्हा केवढ्यांदा दचकले! "कान जरा दुसरीकडं होतं," म्हणाले आणि हसले. वीज गेली की मामा नेहमी तंबाखूचं निमित्त करून बाहेर सटकतात, हे मला तेव्हा आठवलं. वीज आल्यावर मी पार दुसऱ्या टोकाला जाऊन नुसते ओठ हलवले, "डबा खाल्ला का?" त्यांची मान लगेच हलली.

मी ते बाबांना सांगितलं. काळजीपोटी सांगितलं, असं मी पुष्कळ दिवस मनाशी म्हणत आले. खरं तर आपल्याला एवढं उमगलं याचीच मला ऐट होती. बाबा काही दुष्ट नव्हते. "कुणी पट्ट्यात अडकलं, हाक मारली, तर यांना ऐकू येणार का?" एवढंच म्हणाले, आणि मामांना घरी बसवलं. "कान गेलाय मालक, हात हाय की," मामा म्हणाले. बाबांनी ते कानाआड केलं.

मामा तरी रोज यायचेच. आत नाही, बाहेर कारखान्याच्या भिंतीला पाठ लावून बसायचे. मी एकदा खुणेनं विचारलं, इथं का? "घरी लई गप्प हाय, अम्मा. हितं पाठीला ऐकू येतंय." मी बाबांचा डबा घेऊन आत गेले.

पुढं लग्न होऊन मी कुर्डुवाडीला आले. गेल्या थंडीत आईचा फोन आला, मामांनी अंथरूण धरलंय. दुसऱ्याच दिवशी गेले. काय बोलायचं ते वाटेत घोकलं होतं, पण रडताना ओठ नीट हलेनात, त्यांना काही वाचता येईना. मग मी दोन्ही हातांनी माझे कान धरले.

मामांनी माझ्याकडं बघितलं. सगळं माहीत होतं त्यांना. हळूच माझे हात सोडवले आणि ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं मोठ्यानं म्हणाले, "सोड की. लाल झालंय कान." थोडा दम खाऊन पुन्हा म्हणाले, "बाबाला येवढं इचार, अम्मा. माग चालू असताना हाक कुणाला ऐकू येती?"

आठव्या दिवशी मामा गेले. बाबांना मी ते अजून विचारलेलं नाही.