दुपारी जाणारं वायफाय आणि हिरावाडीतलं फाटक

"हे बघा भाऊ, काल दुपारी परत ऑफलाइन," म्हणत सुमनताईंनी मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. मी अजून चप्पलसुद्धा काढली नव्हती. आदल्या आठवड्यात हे काम मीच करून गेलो होतो आणि आता काही होणार नाही, असं छातीठोक सांगूनही गेलो होतो.

काम काय होतं ते सांगतो. हिरावाडीतल्या सुमनताईंचे मिस्टर अण्णा ओझरला विमानाच्या कारखान्यात फिटर होते. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. आता त्यांना विसरण्याचा आजार आहे. बायकोला ओळखतात, पण साल कुठलं चाललंय ते त्यांच्या डोक्यात राहत नाही. मनात आलं की ड्युटीवर निघतात. एकदा आडगाव नाक्याला हायवेवर गेले. ट्रकवाल्याने करकचून ब्रेक मारला म्हणून वाचले.

त्यांचा मुलगा बंगळूरला असतो. त्याने फाटकाला सेन्सर लावून घेतला. सेन्सरचे दोन तुकडे असतात, एक फाटकाला, एक खांबाला. फाटक उघडलं की तुकडे एकमेकांपासून लांब होतात आणि वायफायवरून ताईंच्या मोबाईलची घंटा वाजते. वायफाय नसलं तर सेन्सर जागच्या जागी बोंबलतो, ऐकणारं कोणी नाही.

आणि वायफाय जायचं ते नेमकं दुपारी. जेवणं उरकून ताई जरा आडव्या झाल्या की गेलंच. डोळे उघडावेत तर फाटक सताड उघडं. कधी अण्णा घरात परत आलेले असत, कधी गल्लीच्या टोकाला सापडत. गुडघे धरून ताईंनी धावायचं.

मुलाने मला फोनवर सरळ सांगितलं, "काका, जमत नसेल तर तसं बोला. बाबांना ठेवायला मी एक सेंटर बघून ठेवलंय. आईला आता झेपत नाही." फोन स्पीकरवर होता. स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. फोन ठेवल्यावर ताई बाहेर आल्या आणि मलाच म्हणाल्या, "तिथे यांना भात कालवून कोण देणार आहे?" मी राऊटरकडे वळलो. माझा धंदा वायरचा.

मी सातवीपर्यंत शिकलो. जन्मभर घरांची वायरिंग केली. हे स्मार्ट सामान म्हातारपणी शिकलो, कारण गिऱ्हाईक तेच मागतं. पहिल्या खेपेला मला वाटलं, नेहमीचीच भानगड असेल. राऊटर दोन तऱ्हेचं वायफाय सोडतो. एक सावकाश पण लांब जाणारं, दुसरं जलद पण भिंत आली की दमणारं. सेन्सरला सावकाशवालंच लागतं. दोघांचं नाव एकच ठेवलं की ही बारकी यंत्रं गडबडतात. मी नावं वेगळी करून दिली. लाईट जाते का, तेही विचारलं होतं. ताई म्हणाल्या, इन्व्हर्टर आहे, राऊटर कधी बंद पडत नाही. मी मान डोलावली आणि निघालो.

दुसऱ्या खेपेला सगळं पुन्हा तपासलं. सेन्सरचा सेल नवा घातला. फाटकाशी उभं राहून रेंज बघितली, भरपूर होती. बिघाड सापडेना. मग ताईंना म्हटलं, रोजच्यासारख्या आडव्या व्हा, मी इथे बसतो. मला घरी जायची घाई नव्हती. आमची ही गेल्या वर्षी गेली. दुपारी घरी गेलं तर गॅसवर काही नसतं आणि टीव्ही लावला तरी घर गप्पच असतं.

थोड्या वेळाने अण्णा आतून आले. इस्त्रीचा शर्ट, केसांना पाणी लावून नीट भांग. मला बघून थांबले.

"इलेक्ट्रिकलचा ना तू? बूट कुठेत?"

"घरी राहिले, साहेब."

"साहेब कोणाला म्हणतो? फिटर आहे मी. चपलेवर कारखान्याच्या शॉपमध्ये दिसलास तर सुपरवायझर सोलून काढेल."

मी बरं म्हटलं. त्यांनी खुंटीवरची पिशवी घेतली. पंखा बंद केला. टीव्हीचं बटण बंद केलं. मग कोपऱ्यातल्या बोर्डाकडे गेले, तिथे राऊटरचे दिवे लुकलुकत होते. तेही बटण बंद केलं. दिवे विझले. कडी काढून, फाटक उघडून माणूस बाहेर. ताईंच्या उशाशी मोबाईल मुका पडलेला.

मी मागे धावलो. कुठे निघालात, तर म्हणाले सेकंड शिफ्ट, आणि तू बसून काय राहिलास, बस निघून जाईल. बसला उशीर आहे, चहा घेऊन जाऊ, असं सांगून मी त्यांना परत वळवलं. आत आले आणि एकेक बटण चालू केलं. पंखा, टीव्ही, राऊटर. पाच मिनिटांत सगळं पुन्हा चालू. म्हणजे ताई राऊटरकडे बघायच्या तोवर अण्णा घरात परत आलेले आणि राऊटर लखलखत असायचा. त्यांनी मला खोटं सांगितलं नव्हतं.

मी काय बघितलं ते ताईंना सांगितलं. त्या पलंगाच्या कडेला बसल्या. मग म्हणाल्या, "ही सवय मीच लावली हो. नवीन लग्न झालं तेव्हा हे सगळं चालू ठेवून निघायचे. रोज मागे लागायची मी, निघताना बटणं बंद करा, बटणं बंद करा." मग बटणांकडे बघत म्हणाल्या, "बाकी सगळं गेलं. हे तेवढं राहिलं."

मुलाचं म्हणणं, बटणाला चिकटपट्टी लावा. मी म्हटलं, तुझे बाबा फिटर आहेत, बटण चालेना झालं तर स्क्रू ड्रायव्हर घेऊन बोर्ड खोलतील आणि शॉक खातील. मी राऊटर माळ्यावर चढवला आणि त्याला डायरेक्ट लाईन दिली, मधे बटणच नाही. जुनं बटण होतं तिथेच ठेवलं. त्याला बारीक लाल दिवा जोडला. बटण दाबलं की दिवा विझतो, दुसरं काही होत नाही.

ताईंना ते पटेना. "म्हणजे यांना फसवायचं?"

"ताई, त्यांना बटण बंद करून जायचंय. बटण बंद होतंय. त्यात खोटं काय?"

त्यांनी स्वतः ते बटण दोनदा खालीवर करून बघितलं. मग म्हणाल्या, "राहू द्या."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मुद्दाम गेलो. अण्णा निघाले. पंखा, टीव्ही, कोपऱ्यातलं बटण. दिवा विझला. फाटक वाजलं आणि आत मोबाईल किंचाळला. मला वाटलं, आता ताई ओरडत जातील आणि हाताला धरून आणतील. तसं झालं नाही. त्यांनी चप्पल घातली, मला दार ओढून घ्यायला सांगितलं आणि अण्णांच्या बरोबरीने चालू लागल्या. गल्लीच्या टोकाला किराणा दुकानाच्या ओट्यावर दोघं बसली, बसची वाट बघत. मग परत आली. बस भरून गेली, पुढची घेऊ, असं ताईंनी सांगितलं होतं. अण्णांना ते मान्य होतं. भरून गेलेली बस त्यांनी पुष्कळ बघितलेली असणार.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. सेंटरचं तूर्त थांबवतो म्हणाला. मी म्हटलं, "बरं. पण तुझ्या बाबांना सेन्सरने धरून ठेवलेलं नाही, तुझ्या आईने ठेवलंय. ॲपवर बघत बसण्यापेक्षा येऊन जा." तो सुट्टीचं काहीतरी बोलला. मग बघतो म्हणाला.

वायफाय जातं म्हटलं की लोक राऊटर बदलतात. त्याआधी घरात कोण कधी उठतं आणि कुठल्या बटणाला हात लावतं, ते एक दुपार बसून बघावं. आणि दुसरं, या सामानाचं काम घंटा वाजवण्याइतकंच. उठून चप्पल माणसानेच घालायची असते. त्यासाठी माणूस घरात असावं लागतं.