डबा बंद करण्याआधी

जॅक वर गेला, पण व्हॅन जागची हलली नाही.

सुशांतने दांडा अजून चार वेळा फिरवला. दाराखालच्या पत्र्यातून पापड मोडल्यासारखा आवाज आला आणि जॅकचं डोकं व्हॅनच्या पोटात शिरलं. पंक्चर झालेलं चाक होतं तिथेच टेकलेलं.

गॅलरीतून नानांनी विचारलं, "हो गया क्या रे?"

"होतंय, नाना."

तसं ते गेल्या जूनपासूनच होत होतं. सुशांत मूळचा पाचोऱ्याचा, नोकरीसाठी हिंदी मुलखात आलेला. पीथमपूरच्या एका कारखान्यात तो क्वालिटीत होता, म्हणजे दुसऱ्यांच्या कामात खोट काढण्याचा त्याला पगार मिळत होता. राहायला अन्नपूर्णा भागात, नानांच्या घरातली वरची खोली. जूनमध्ये नानांच्या व्हॅनला दाराखाली तळहाताएवढं भोक दिसलं, तेव्हा त्याने मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला आणि स्वतःच कामाला लागला. गॅलरीतल्या वेताच्या खुर्चीवरची गादी कव्हरसकट कापून भोकात कोंबली, वर पुट्टी थापली, पांढरा रंग मारला. नाना इतके खूश झाले की त्यांनी कॉलनीभर सांगितलं. वर व्हॅनची चावी त्याच्या हातात दिली. ती चावी नानांनी सख्ख्या मुलाला, अभिरामलाही कधी दिली नव्हती.

नानांच्या पत्नी मनोरमाकाकूंना गादी सापडेना. त्यांनी शेजारच्या मोती नावाच्या कुत्र्यावर आळ घेतला. "आजकालची कुत्री," असं म्हणून सुशांतनेही मान हलवली होती.

पुढे पावसाळाभर गादी पाणी पीत राहिली आणि पत्रा आतून कुजत राहिला. आता सुशांतला एकच काळजी होती. नानांना गादीचं कळलं, तर चावी गेली.

त्याने दुसऱ्या जागी जॅक लावून चाक बदललं आणि व्हॅन स्नेहलतागंजच्या मागच्या गल्लीत, गाड्यांचं पत्राकाम करणाऱ्या जयसिंगरावांकडे नेली. दुकानाला पाटी नव्हती. एका जुन्या बसचं दार भिंतीला टेकवलेलं होतं, तीच खूण. जयसिंगराव साठीचे, डावी भुवई ठिणग्यांनी अर्धी जळलेली. त्यांचे आजोबा दरबारच्या घोड्यांना नाल ठोकत, वडील बसच्या बॉड्या ठोकत. "आमच्या खानदानात ठोकाठोकी जुनी आहे, भिया," असं ते नव्या गिऱ्हाइकाला न विचारता सांगत.

त्यांनी खिशातून स्पीकरमधलं चुंबक काढून पुट्टीवर लावलं. चुंबक घसरून त्यांच्या चपलेवर पडलं.

"इथे लोहा नाहीच. काय भरलंय?"

"मला काय माहीत," सुशांत म्हणाला.

मग जयसिंगराव छोट्या हातोडीने ठोकत सरकत गेले. कुठे आवाज थप् यायचा, कुठे टण्ण. टण्ण आलं तिथे त्यांनी खडूने रेघ मारली. भोक तळहाताएवढं, रेघांमधलं अंतर हातभर.

"एवढं कापणार?"

"आवाज साफ येतो तिथपर्यंत. सडक्या पत्र्याला वेल्डिंगचा टाका मारला तर सहा महिन्यांनी तुम्ही परत माझ्या दारात. आणि मला तुमचं तोंड परत बघायचं नाही. बुरा मत मानना."

सुशांत व्हॅन ठेवून कामावर जाणार होता. पण हातोडीच्या आवाजावरून खोट काढणारा माणूस त्याने कधी पाहिला नव्हता. त्याच्या कारखान्यात त्यासाठी लाखाचं मशीन होतं. त्याने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि एका काढून ठेवलेल्या सीटवर बसला.

बॅटरीची तार सुटली, आतलं कार्पेट निघालं, पाण्याची बादली जवळ आली. ग्राइंडर किंचाळला आणि हातभर पट्टी खाली पडली. तिच्यामागून गादी आली. काळी, निथळणारी, पण निळ्या कापडावरची पिवळी फुलं जशीच्या तशी. काकूंनी कापड पक्क्या रंगाचं घेतलं होतं, यात वाद नाही.

जयसिंगरावांनी ती पकडीने उचलली. "हे कोणत्या उस्तादचं काम?"

"जुनं असेल कुणाचं तरी."

त्यांनी पुट्टीचं ढेकूळ उजेडात धरलं. त्यावर अंगठ्याचा ठसा होता. त्यांची नजर चहाच्या ग्लासावरच्या सुशांतच्या अंगठ्याकडे गेली, आणि तो अंगठा पटकन ग्लासामागे लपला. व्हॅनसमोर एक तार बांधलेली होती. गंजलेले तुकडे त्यांनी त्या तारेला एकेक करून अडकवले आणि शेवटी गादी.

"हे टाकून देऊ का मी?"

"मालक बघेपर्यंत इथून काही हलत नाही."

"मीच मालक."

"गाडीचं आरसी बुक दाखवा."

"नानांची आहे," तो म्हणाला.

"मग नानांना बोलवा. ही दाराखालची पोकळ पट्टी आहे ना, हिला आम्ही डबा म्हणतो. डबा बंद व्हायच्या आधी मालक आत हात घालतो. त्याशिवाय शेवटचा टाका नाही."

"हे कोणी ठरवलं?"

"एका जीपवाल्याने. मागे तो भर गल्लीत ओरडला, जयसिंगने बाहेरून नवा पत्रा लावला, आतला सडकाच ठेवला. मी ग्राइंडर घेतला आणि चार दिवसांचं काम चार मिनिटांत फाडून त्याला दाखवलं."

"मग काय म्हणाला?"

"म्हणाला, अच्छा है. आणि चहा प्यायला गेला. त्याला खोटं पाडून मला मिळालं काय? दोनदा वेल्डिंग."

सुशांतने नानांना फोन लावला. दुसरा इलाज नव्हता.

नाना येईपर्यंत जयसिंगरावांनी लग्नाच्या जुन्या पत्रिकेतून मापाचा तुकडा कापला, तो नव्या पत्र्यावर ठेवून आखला, पत्रा कापून रुळाच्या तुकड्यावर वाकवला. लावला, काढला, कानस फिरवली, परत लावला. फटीत नख जातंय का, ते पाहिलं. मग एक टाका या टोकाला, एक त्या टोकाला, आणि ओलं फडकं फिरवून निवांत बसले.

"एका दमात का नाही मारत?"

"पत्रा तापला की फुगतो. मग त्याला मनवत बसा दिवसभर. तिकडे तोंड करा, ही आग बघायची चीज नाही."

आत रंग मारून त्यांनी तळाची बारीक भोकं तारेने मोकळी केली. "ही भोकं मुद्दाम ठेवलेली असतात, पाणी जायला. तुमच्या त्या उस्तादने हीसुद्धा बुजवली होती."

'तुमच्या' या शब्दावर त्यांनी फार जोर दिला नाही. सुशांतला तो तरीही लागला.

नाना रिक्षातून उतरले. स्वेटरची बाही वर करून त्यांनी कोपरापर्यंत हात आत घातला, डोळे मिटून चाचपलं. "अच्छा, एकदम साफ." मग तारेकडे वळले. पहिला तुकडा, दुसरा, तिसरा. गादीपाशी थांबले. चष्मा काढून पुसला, परत लावला, एका पिवळ्या फुलाला बोट लावलं. जयसिंगरावांना नेमकं त्याच वेळी ग्राइंडरच्या वायरीत काहीतरी तपासायचं होतं.

"आपण क्वालिटीत आहात ना?" नाना म्हणाले. त्यांनी सुशांतला याआधी कधी 'आपण' म्हटलं नव्हतं.

"नाना, मी त्या वेळी..."

"सात महिने झाले. मनोरमा त्या मोतीला पोळी घालत नाहीये."



"नानाजी, शेवटचा टाका मारू?" जयसिंगरावांनी विचारलं.

"थांबा. ह्यालापण घालू द्या हात."

सुशांतने हात घातला. आत थंड, कोरडा, गुळगुळीत पत्रा होता, आणखी काही नव्हतं. त्याने हात काढल्यावर टाका बसला आणि डबा बंद झाला. जयसिंगरावांनी तार रिकामी केली. गादी पिशवीत घालून सुशांतच्या हातात दिली. "ही तुमची अमानत."

नानांनी तळहात पुढे केला. सुशांतने चावी त्यावर ठेवली. व्हॅन नानांनी स्वतः चालवली. लालबागच्या वळणावर त्यांनी गाडी हळू केली.

"मी मनोरमाला काही सांगणार नाही," नाना म्हणाले. "तू तशीच गादी आण, तिच्या हातात दे आणि तूच सांग. मग चावी."

त्याला आता तीन रविवार झाले. फुलाचा एक तुकडा नमुना म्हणून खिशात घेऊन सुशांत बाजार पालथा घालतो. निळं मिळतं तर फुलं लाल निघतात, फुलं जुळतात तर कापड हिरवं. मागच्या रविवारी एका दुकानात बरंचसं जुळणारं मिळालं होतं. ते त्याने उजेडात नेऊन पाहिलं, त्यात खोट काढली आणि परत केलं.

मोतीला तो हल्ली मेसच्या पोळ्यांतली एक पोळी देतो, काकू आत असताना. चावी नानांच्या दारामागे खिळ्याला आहे. काकू गॅलरीत वेताच्या खुर्चीवर टॉवेलची घडी घालून बसतात.